दुधी काच

बोरगाव मेघेतल्या त्या कापड दुकानदाराकडे मी नव्वदच्या दशकात दर रविवारी जायचो. फिल्मऐवजी काचेची प्लेट लागणारे जुने जर्मन घडीचे कॅमेरे जमवायचं त्याला वेड होतं. जिल्ह्यात कुठे असा कॅमेरा निघाला की भाव सांगायला लोक त्यालाच बोलवत. आधी तो कॅमेऱ्याच्या घड्यांच्या चामडी भात्यात टॉर्च धरून भोकं शोधायचा. मग शटर कानाशी नेऊन डोळे मिटायचा. "याले खोकला आहे," म्हणायचा आणि भाव उतरवायचा.

आंजी गावच्या माझ्या आजोबांचा कॅमेरा मी भाव ठरवायला पेटीसकट त्याच्याकडे दिला. समोरचं दृश्य जिच्यावर उलटं उमटतं, ती मागची दुधी काच फुटली होती. पेटीत एक जुनी काचेची प्लेटही होती, तिच्यावर लहानपणीच वारलेल्या माझ्या मावशीचा एकुलता एक फोटो. एवढ्या जाणकाराला वेगळं काय सांगायचं, म्हणून मी बोललो नाही.

पुढच्या रविवारी तो दारातच उभा होता.

"काच बसवली, भाऊ. आता दुप्पट भाव."

"कुठून आणली?"

"तुमच्याच पेटीत होती न. वरचं काळं सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन काढलं, मंग घासून दुधी केली. अशी पातळ काच बाजारात भेटत नाई. मी सगळ्याइले अशीच बसवतो."

त्याच्या मागे कपाटात चाळीसेक कॅमेरे ओळीनं मांडलेले होते.

"पाहून तं घ्या," म्हणत तो कौतुकानं कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला. मी वाकून काचेत पाहिलं. मावशीच्या जागी तो बसला होता, खाली डोकं वर पाय, हसत.