वसुंधरानं बदललेला घाट

शहाण्णवच्या हिवाळ्यात वसुंधरा मोहितेनं आपल्या गुरूलाच नदीकाठी अडवलं. बडोद्याच्या तरसाली भागात राहणारी ही बाई एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्यातले जंतू तपासायची आणि रविवारी मही नदीवर मुलींना पोहायला शिकवायची. गावातल्या विश्वामित्री नदीत मगरी, तेव्हा ज्या बडोदेकराला नदीच हवी त्यानं स्कूटरला किक मारून मही गाठावी. तिथल्या घाटावर बळवंतरावकाकांचं राज्य. वसुंधराला हात मारायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा एक रिवाज होता. उतरण्याआधी प्रत्येकीनं महीच्या पाण्याची चूळ भरायची नि पिचकारी मारायची. जिची लांब, ती पहिली पाण्यात.

त्या महिन्यात चार मुलींची पोटं बिघडली.

"पाणीपुरी चापली असेल," काका म्हणाले.

वसुंधरानं वाद घातला नाही. घाटाच्या जरा वर नव्या सोसायट्यांचा नाला नदीला मिळत होता. तिनं तपासणीची एक बाटली घाटावर भरली, दुसरी नाल्याच्या वरच्या अंगाला.

पुढच्या रविवारी ती नदीकडे पाठ करून उभी राहिली.

"आज इथे चूळ नाही, काका. पोहणंही नाही."

"का गं? नदी माहेरी गेली?"

"ही घाटावरची बाटली. मैल्याचे जंतू असले की काळी पडते." बाटलीत जणू शाई भरली होती. "आणि ही नाल्याच्या वरची. पिवळीची पिवळी."

"अगं, डोळे आहेत ना? आरशासारखं पाणी आहे!"

"तिथेच फसलो आपण. पावसाळ्यात गढूळ दिसतं म्हणून लांब राहतो. हिवाळ्यात नदी आटते, नाला मात्र तेवढाच वाहतो."

"चाळीस वर्षं चूळ भरतोय मी. काय झालं मला?"

"तुमचं पोट तुमचं, काका. या पोरी माझ्या भरवशावर आल्यात."

मुलींना घेऊन आलेले आईबाप एकदा काकांकडे बघत, एकदा तिच्याकडे. ते काकांच्या बाजूनं गेले असते, तर वसुंधराचा वर्ग त्याच दिवशी बुडाला असता. तिला ते कळत होतं, तरी ती तसूभर हलली नाही.

शेवटी आजारी मुलींपैकी एकीच्या आईनं, नीलिमानं, टॉवेल उचलला. "चालो! वसूबेन म्हणते तिकडे. रात्रभर बादली धरून मी बसले होते, काका नव्हते."

हशा पिकला आणि सगळी वरात वाळूतून वर निघाली.

नाल्याच्या वर वसुंधरा आधी एकटी उतरली. तळ चाचपला, ओढ पाहिली. वर बघते तर काका खांद्यावर पंचा टाकून काठावर हजर. आता भांडण जुंपणार, असंच सगळ्यांना वाटलं.

काका धारेकडे बघत राहिले. "मुलींना तू शिकव. धारेच्या बाजूला मी उभा राहतो. एखादी वाहवली तर धरायला."

"राहा ना. पण तोंड बंद ठेवून."

"पोहताना?"

"एकंदरीतच."

काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते छातीभर पाण्यात जाऊन उभे राहिले. वसुंधरानं मुलींना हाक दिली, "चला, एकेक जण!"