आता सोडून दाखव

कुणी काही बांधून दिलं की मावशी ते परत समोरच्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बांधलंस ना? आता सोडून दाखव."

कुकर घ्यायला गेल्या तेव्हा दुकानदार झाकण किती घट्ट बसतं ते कौतुकाने दाखवत होता. मावशी म्हणाल्या, "बसतं ते दिसलं. अडकलं तं निघतं कसं?" त्याने झटापट केली, पण झाकण काही निघेना. मावशींनी दुसरा कुकर घेतला.

मावशी दांडी गावच्या कोळीण. बोईसरच्या बाजारात त्यांचं सुक्या मासळीचं दुकान. तुम्ही त्या गल्लीतून गेला असाल तर बोंबलांच्या वासाआधी तुम्हाला मावशींचा आवाज आला असेल.

मी वाशीमकडचा. नववीत शाळा सुटली आणि गावच्या एकाच्या ओळखीने इथल्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. दुकानामागची खोली मावशींची होती. विचारायला गेलो, तर त्यांनी बोंबलांचं पोतं पुढे टाकलं. "बांध."

आमच्याकडे सोयाबीनचं पोतं बांधतात तसं बांधलं. गाठीवर गाठ, वर आणखी एक.

"हे बांधलंस का पुरलंस रे?"

मग त्यांनी होडीवरची गाठ शिकवली. वाऱ्यात ती हलत नाही, पण मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. "वारा फिरला नि दोर सुटला नाय, तं काय सुरी शोधत बसशील?" मला चार वेळा करायला लावलं आणि खोली दिली. परमुलखात पहिल्यांदा कुणीतरी मला आपुलकीने 'तू' म्हणालं होतं, त्या रात्री मी पोटभर झोपलो.

मुलीच्या लग्नाच्या बैठकीतही मावशींनी तेच केलं. सगळं ठरलं, पेढे फुटणार, तेवढ्यात म्हणाल्या, "पोर नांदल, नांदल. पन नाय नांदली तं तिला परत आनायला फोन कुनाला करायचा?" कुणीतरी पेढ्यांचा पुडा परत मिटला. शेवटी मुलाची आईच हसली. "मला करा, विहीणबाई." मुलगी उमरोळीला छान नांदते आहे.

तर माझ्या धंद्याची गोष्ट. मोबाइलवर बघून बघून मी वेबसाइट बनवायला शिकलो. पहिली मावशींचीच केली, बोंबलांच्या फोटोसकट. मग वर्कशॉपवाले, क्लासवाले, केटरिंगवाले येऊ लागले, तसा कारखाना सोडला. एका कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घ्यायची आणि तिचे तुकडे करून या लोकांना द्यायचे, असा बेत होता. असं करणाऱ्याला रिसेलर म्हणतात. फक्त कंट्रोल पॅनल निवडायचं राहिलं होतं. पॅनल म्हणजे ग्राहक जिथून आपली वेबसाइट आणि ईमेल सांभाळतो ती जागा. सगळ्यांना एकाच पॅनलवर बसवायचं, म्हणजे चुकलो तर सगळे एकदम जाणार. मी गेलो असतो थेट गावाकडे, तोंड लपवून.

कंपनी दोन पॅनलं देत होती. एक तिचं स्वतःचं, रंगीत, चकचकीत. दुसरं सगळीकडे चालणारं, पण दिसायला जुन्या सरकारी अर्जासारखं. एका वर्कशॉपवाल्या ग्राहकाला दोन्ही दाखवली. "अरे पहिलावाला लो ना! क्या दिखता है!"

मी लॅपटॉप घेऊन मावशींकडे गेलो. त्या जवळा पाखडत होत्या.

"कोनता घेतोस?"

"हे रंगीत, मावशी. बघा, दोन मिनिटांत तुमची वेबसाइट चढवली."

"चढवलीस. आता उतरवून दाखव."

"उतरवायची कशाला? चांगली कंपनी आहे."

"मी कुठं वाईट म्हनते? उतरव."

बसलो. रंगीत पॅनलमधून फोटो निघाले, मजकूर निघाला, पण ईमेल निघेनात. बॅकअप घेतला तर तो फक्त त्याच कंपनीत उघडणार. मदतीला असलेल्या माणसाला चॅटवर विचारलं, तर तो म्हणे, आम्हाला सोडून का जाताय?

"बघ," मावशी म्हणाल्या, "गाठ सोड म्हटलं तं रडायला लागला."

मग तीच वेबसाइट ईमेलसकट जुनाट पॅनलवर चढवली, तर तिथून सगळ्याचं एकच गाठोडं निघालं. तेच पॅनल असलेल्या दुसऱ्या कंपनीत चाचणीपुरतं खातं काढून ते तिथे उघडलं. मावशींनी चष्मा लावला. बोंबील जागेवर होते. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं "सुकट पोचली, आभार" हे ईमेलही जागेवर होतं.

"हां. ही आपली गाठ."

धाकधूक होतीच, तरी मी तेच घेतलं. लोक हसले.

दुसऱ्या वर्षी, जिच्याकडून मी जागा घेत होतो त्या कंपनीने कळवलं, आम्ही धंदा बंद करतोय, आठवड्यात आपलं सामान हलवा. माझ्यासारखेच रिसेलर, ज्यांनी रंगीत पॅनल घेतलं होतं, ते ग्रुपवर नुसते ओरडत होते. मी मावशींना सांगून सकाळी बसलो. एकेक गाठोडं उचललं, नव्या कंपनीत उघडलं, वेबसाइटचा पत्ता तिकडे वळवला. चहाच्या वेळेपर्यंत सगळे पलीकडे होते.

तेवढ्यात वर्कशॉपवाल्याचा फोन. वाटलं, काहीतरी मागे राहिलं.

"अरे भाई, ईमेल का पासवर्ड भूल गया."

एवढंच! त्याला काही कळलंच नव्हतं! मी धावत मावशींकडे गेलो. त्या गिऱ्हाइकाला बोंबील तोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुटली ना?" आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगो ऐकलं काय? आमच्या पोऱ्यानं आख्खा बाजार उचलून दुसऱ्या बंदरात नेला, नि एक टोपली हलली नाय!" कुणाला काही समजलं नाही, पण कोळणींनी टाळ्या वाजवल्या. एवढा सन्मान मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

मावशी जाऊन आता वर्ष होईल. परवा उमरोळीहून त्यांची मुलगी आली. दारातच घुटमळली.

"दादा, आईचा धंदा आता मी बघते. माझा दीर पन तुझ्यासारखंच काम करतो, वेबसाइट त्याच्याकडं न्यावी म्हनतो. तुला राग नाय ना?"

माझी पहिली वेबसाइट होती ती. मी तिला खुर्ची दिली, लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि बटण दाखवलं. तिने दाबलं, निघालेलं गाठोडं मी दिराला पाठवलं. उमरोळीत दिराने गाठोडं उघडलं आणि लगेच फोन केला, सगळं आलं म्हणून. बोंबील, गिऱ्हाइकांचे पत्ते, पुण्याचं ते आभाराचं ईमेलसुद्धा.

"इतक्यात सुटली?" ती म्हणाली.

"तुझ्या आईनेच बांधायला शिकवलं होतं," मी म्हणालो.