लाल पिशवी

एका सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या नवऱ्याच्या पोटातला पडदा आता पाणी ओढत नाही.

त्याआधी दोन वर्षं आमचं घर त्या पडद्याच्या भरवशावर चाललं होतं. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पोटात नळी बसवली होती. दिवसातून चार वेळा मी साखरेच्या पाण्याची पिशवी वर टांगून ते पाणी पोटात सोडायचे आणि काही तासांनी काढून घ्यायचे. तेवढ्या वेळात आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते. भिजून फुगलेला बेदाणा साखरेच्या पाकात टाकला की आक्रसतो, पेशीच्या पटलातून पाणी दाट बाजूला जातं, हे वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आले आहे.

ते चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपला लागणारं पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर होते. त्यांना हे सगळं माझ्याआधी समजलं. घरी शिकवायला आलेल्या नर्सला म्हणाले, "सिस्टर, आमच्या प्लांटचं पाणी गाळणारं मेम्ब्रेन खराब झालं की कंपनी नवीन आणते. याचा स्पेअर मिळतो का?"

"नाही काका. म्हणून तर सांभाळायचं. रोज पिवळी पिशवी. लाल फक्त डॉक्टर सांगतील तेव्हा. तिच्यात साखर जास्त, पाणी जास्त ओढते, पण पडदा खराब करते."

"कळलं. प्रेशर वाढवलं की आजचं काम भागतं आणि मेम्ब्रेन जातं."

त्यांची नोकरी सुटली. पाणी मोजून प्यायचं, त्यातच चहाही धरायचा. पहिलं वर्ष त्यांनी ते पाळलं. मग त्यांचा प्लांटवरचा जोडीदार दर रविवारी यायला लागला आणि त्यांना चौकातल्या टपरीवर नेऊ लागला. मी दारात आडवी आले तर म्हणायचा, "वहिनी, कटिंग हाय नुसतं. समुद्र न्हाई पाजत मी."

कटिंग एक नसायचं. संध्याकाळी पाय सुजलेले, वजन वाढलेलं. ते म्हणायचे, "मॅडम, आज लाल लाव ना. उद्यापासून तुझी शिस्त."

मी लावायचे. नाही म्हणता आलं असतं. पण टपरीवरून आल्यावर तासभर ते पूर्वीसारखे बोलायचे: कोणाची शिफ्ट बदलली, नवा सुपरवायझर किती दीडशहाणा आहे. बाकीचे सहा दिवस भिंतीकडे बघत पडून असायचे. पुढे बुधवारीही चहा सुरू झाला. लाल पिशव्या मी मेडिकलमधून वेगळ्या आणू लागले. डॉक्टरांना दाखवायच्या वहीत मात्र 'पिवळी' लिहायचे. प्रयोगवहीत मुलांनी मनानं निरीक्षण लिहिलं तर मी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावते.

त्या सोमवारी डॉक्टरांनी ती वही चाळली. "सगळं नियमात आहे. काही जणांचा पडदा असाच लवकर जातो. स्वतःला दोष देऊ नका, मॅडम."

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते फरशीकडे बघत होते. मी वही उचलून पर्समध्ये ठेवली. घरी येताना रिक्षात ते हळूच म्हणाले, "बोलली नाहीस ते बरं केलंस. मला झापलं असतं." आणि हसले. झापायला हवं होतं ते मला, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यात मशीनवर डायलिसिस. ते त्यांच्या हृदयाला झेपलं नाही. पाचव्या महिन्यात ते गेले.

जोडीदार अजून येतो. चहा विचारला तर नको म्हणतो. मागच्या खेपेला चप्पल घालता घालता त्यानं विचारलं, "वहिनी, माझ्या चहानं झालं का वं ते?"

"नाही," मी म्हटलं.

तो जिना उतरून गेला. कशानं झालं, ते मी त्याला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही सांगायचं राहिलं आहे.