कान धरण्याची खूण

वडील गुरुवारी सकाळी गेले. सोमवारी जिनिंगच्या हॉलमध्ये वर्ग सुरू व्हायचे होते.

आर्वीच्या त्या जिनिंगमध्ये रेच्यांवर कापूस टाकण्यात त्यांची उमर गेली. सरकी वेगळी करणारी ती यंत्रं सुरू झाली की शेजारच्याचं बोलणंही कळत नसे. माणसं हातांनी बोलत. कानाची पाळी चिमटीत धरली की समजायचं, ऐकू आलं. वडिलांची ही सवय घरीही सुटली नाही. पुढे त्यांना कमी ऐकू येऊ लागलं, तरी आई काही म्हणाली की ते कान धरत.

"पाहा, धरला कान," आई म्हणायची. "ऐकलं कवा यायनं?"

जिनिंग बंद पडलं, आवारात बाभळी वाढल्या. मग ती इमारत आमच्या कॉलेजने घेतली. मी तिथे मराठी शिकवते. काम चालू असताना वडिलांना दाखवायला नेलं. रेचे निघाले होते. दगडी भिंती आणि लोखंडी खांब ठेवले होते. आत पाऊल टाकताच वडील ओरडून बोलू लागले.

"काका, हळू बोला ना," ठेकेदार म्हणाला. "मशिनी कुठी हायेत आता?"

वडिलांनी कान धरला. ठेकेदार ओशाळला. "अवो, कान काऊन धरता? मी रागावलो नाई."

मला हसू आलं. मी हसते आहे म्हणून तेही हसले.

परतताना म्हणाले, "पयल्या दिवशी मी मांगच्या बाकावर बसतो, माय. तुहा आवाज आला, का कान धरीन."

"तुमाले ऐकू येते का पण?"

"तुहं तोंड दिसंन ना."

त्यानंतर रोज विचारायचे, वर्ग कधी भरतो. आधी फरशी राहिली होती, मग फळे, मग पंखे. मी हातानेच सांगायची, अजून नाही. अखेर दिवस ठरला तेव्हा त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला आणि खुंटीला लावून ठेवला. तोच घालून त्यांना नेलं.

सोमवारचा तास दुसऱ्या प्राध्यापकांनी घेतला. मी काही दिवसांनी गेले. छताला आता घुमणारा आवाज शोषणारे तक्ते आहेत. हळू बोललं तरी चालतं. मी मात्र मोठ्याने बोलत होते. मध्येच थांबून मागच्या बाकाला विचारलं, ऐकू येतं का?

"येते, मॅडम."

आता तिथे रोज वर्ग भरतात. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. कान कोणी धरत नाही.