काचेतली जपानी टोपली आणि बाबांची शेती

व्हिजिट व्हिसावर सौदीत, जुबैलला आलेल्या माणसानं दिवसभर करायचं काय? माझ्या बाबांनी महिनाभरात टीव्ही पाहून घेतला, समुद्र पाहून घेतला आणि "गावी कधी पाठवतोस?" हा धोशा लावला. दहरानच्या एका संग्रहालयात जपानी कलाकुसर मांडलीय असं कळलं आणि मी शुक्रवार पक्का केला. बायकोला ड्यूटी होती. निघालो मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची इरा.

तासाभराचा सरळसोट रस्ता. तुम्ही जाणार असाल तर शुक्रवारी नमाजनंतरच निघा, आधी सगळं बंद असतं. तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. जेवण शेजारच्याच खोबर शहरात उरका. आम्ही एका मल्याळी हॉटेलात मासे-भात हाणला. "कालवण बरंय," असं बाबांनी प्रमाणपत्रही दिलं.

आत लाखेचे चकचकीत डबे, किमोनो, चहाचे पेले. मी पेल्यांपाशी रेंगाळलो, बाबा मात्र बांबूच्या एका टोपलीसमोर थांबले ते थांबलेच. नाक काचेला टेकलं.

"चाचा, थोड़ा पीछे," गार्ड म्हणाला.

बाबा मागे सरकले. मला म्हणाले, "हा विणणारा डावरा आहे. कामट्या बघ, उलट्या बाजूनं वळल्यात."

मी हसण्यावारी नेलं. शेजारच्या पडद्यावर त्याच कारागिराचा व्हिडिओ चालू होता. तिथून इरा ओरडली, "आजोबा, ही इज लेफ्टी!" खरंच, त्या म्हाताऱ्यानं सुरी डाव्या हातात धरली होती. आम्ही तिघंही खदखदून हसलो.

गार्डनं विचारलं, "चाचा, आप भी यही काम करते हैं?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "नहीं जी. अपना खेती है."

आमची गुंठाभरसुद्धा शेती नाही. कुणी विचारलं तर शेती सांगा, असं मीच त्यांना विमानतळावरून आणताना पढवलं होतं. आम्ही बुरूड. सुपं-टोपल्या विणून बाबांनी मला इंजिनिअर केलं आणि मी ते ऑफिसात, अगदी इरापासूनही लपवलं. माझी मलाच लाज वाटली.

"खेती नहीं है," मी म्हणालो. "मेरे पिताजी टोकरी बुनते हैं. मैं उसी पर पढ़ा."

गार्ड हसला. "तो उस्ताद, आगे आइए. बस शीशा मत छूना."

मग काय, अर्धा तास बाबा बोलत होते. गार्ड ऐकत होता, इरा बोटांनी हवेत विणत होती. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "पप्पा, यू नेव्हर टोल्ड मी." मी सॉरी म्हणालो. बाबा खुशीत शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून माझ्या प्लांटमधून पॅकिंगच्या निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या. गावी जायचा धोशा थांबला आणि घरात टोपल्यांचा ढीग लागला.

बाबा आता परत गेलेत. परवा ऑफिसातला मित्र जेवायला आला, त्यानं कांद्यांची टोपली उचलून पाहिली. "मस्त आहे रे! कुठून घेतली?"

एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी इरा माझ्या आधी बोलली, "आजोबांनी विणली. आम्ही बुरूड आहोत."