पट्टी काळी झाली का?

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवरच्या माणसाला बोलता येत नाही. तरी इतक्या गोष्टी कशा साठतात, कोण जाणे. मुरूडच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं हत्यारं धुतोय. धुवायची, पाकिटात बंद करायची, वाफेच्या मशीनमध्ये ठेवायची. पाकिटावरची पट्टी काळी पडली की काम झालं. नाही पडली, तर एकाचा रोग दुसऱ्याच्या तोंडात जाणार, तोही माझ्या हातून. जेवताना घास हातात घेतला तरी हेच मनात येतं.

*

आगरदांड्याचे एक चाचा कुवेतहून परतलेले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तिकडं डॉक्टर पाकीट माझ्यासमोर फोडतो."

मी समोर फोडलं.

"हात दाखव."

दाखवले. त्यांनी नखंसुद्धा बघितली. मग पिशवीतून स्वतःचं फडकं काढून गळ्याला बांधलं. त्याला सुक्या मासळीचा वास.

"हे घरचं हाय," म्हणाले. "याला काय होत न्हाय."

*

एकदा मशीन चालू असताना लाइट गेली. आल्यावर मी ते पहिल्यापासून लावलं. काशीदची एक आजी गाल धरून बसलेली.

"लाइट गेली म्हणून भात कोण परत पहिल्यापासून शिजवतो रं?"

"आजी, भात कच्चा राहिला तर कळतो. हे कळत नाही."

आजीने गाल दुसऱ्या हातात धरला. मग म्हणाली, "शिजव बाबा."

*

आमच्या डॉक्टरताईंची मैत्रीण इंग्लंडात दात बघते. पाहुणी आली आणि एक पेशंट बघायला बसली. तिकडचे नियम तिला तोंडपाठ. हातमोजे घालता घालता आम्हाला सांगत होती. मधेच तिचा मोबाइल वाजला. तिने मोज्यातल्या हातानेच उचलला, ठेवला आणि पेशंटच्या तोंडाकडे वळली.

मला बोलायचा धीर होईना. मोज्यांचा खोका घेऊन मधे उभा राहिलो.

ती लाजली. "काका, तिकडंही हे होतं. फक्त मधे उभं राहणारं कुणी नसतं."

*

दुसऱ्याच दिवशी ताईंची स्वतःची दाढ ठणकायला लागली. मैत्रीण काढणार होती. मी पाकीट उचललं. पट्टी काळी की तपकिरी? खिडकीशी नेली. चष्मा पुसला. बाकीची पाकिटंही त्याच फेरीतली.

"काळीच आहे, काका," मैत्रीण म्हणाली.

"असेल. माझी खात्री होत नाही."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं. "परत लावायला किती वेळ?"

"पाऊण तास."

त्या खुर्चीतून उठल्या, दार उघडलं आणि गाल धरून बाहेर पेशंटांच्या बाकावर जाऊन बसल्या.