हजेरीची सही

लातुरातल्या आमच्या गल्लीची विहीर माझ्यामुळं बुजली, असं गल्ली दोन वर्षं म्हणत होती. मी कुणाचं काही विसरत नाही, त्यामुळं हेही विसरले नाही.

पहिल्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा मीच हौसेनं घरोघर फिरले होते. गल्लीच्या विकासासाठी नागरिकांच्या सूचना हव्यात, असं त्यात लिहिलं होतं. मी उभी राहून बोलले, "विहिरीवर जाळी बसवा. टंचाईत टँकर येईपर्यंत तिनंच आम्हाला जगवलंय." महापालिकेचे साहेब हसून मान हलवत होते. मग पोहे आले, चहा आला आणि हजेरीचा कागद फिरला. पहिली सही माझी, खाली सगळ्या बायकांच्या.

महिन्याभरात विहिरीत मुरूम पडला आणि वर कारंजं उभं राहिलं. मी जाब विचारायला गेले तर साहेबांनी फाइल उघडून दाखवली. आमच्याच सह्या, आणि वर टाइप केलेली ओळ, 'खालील नागरिकांची कामास संमती आहे.' आम्ही सह्या केल्या तेव्हा ती ओळ तिथं नव्हती.

शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांनी ती विहीर खणायला हात लावला होता. "तुझ्याकडं बघून सही केली म्या," एवढंच म्हणाल्या आणि बोलायच्या बंद झाल्या. साहेबाच्या लबाडीपेक्षा ते मला जास्त झोंबलं. या माणसाला सोडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

यंदा पुन्हा सभा लागली. कारंज्याभोवती बाग करायची होती आणि त्याला पुन्हा गल्लीच्या सह्या हव्या होत्या. मी परत घरोघर फिरले, टोमणे ऐकले, पण हॉल बायकांनी भरला. काकूही आल्या, माझ्यापासून लांब बसल्या. साहेब खूश. पोहे आले. हजेरीचा कागद फिरला आणि कोराच परत गेला.

"ताई, निदान हजेरी तरी लावा. मोठे साहेब यायलेत."

"आधी तुमची सही," म्हणत मी घरून लिहून आणलेला कागद पुढं केला. विहीर बुजवायला गल्लीची संमती नव्हती, हजेरीच्या सह्या संमती म्हणून दाखवल्या, असं त्यात होतं.

"हे कशाला आता?"

"मग आम्ही निघतो."

सगळ्या बायका उठल्या. बाहेर मोठ्या साहेबांची गाडी थांबली. आमच्या साहेबांनी घाम पुसला आणि सही केली. मी खाली तारीखही घालून घेतली. एकेक आकडा ते जपून लिहीत होते आणि मला ते बघायला फार आवडलं.

कागद मी काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी करून पिशवीत ठेवला आणि दाराकडं वळल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या मागं निघालो.

साहेब कोरा कागद घेऊन धावत आले. "अहो, आता तुमच्या सह्या?"

काकूंनी माझा हात धरला.

"सही न्हाई मिळायची साहेब," त्या म्हणाल्या. "पोहे खावा. गार व्हायलेत."